येईल त्या ठरावाला लाल

अंबरीषला मी माफ केलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते. लोक म्हणतात, परक्या देशात आपली चार माणसं, कशाला डूख धरून बसायचं? ज्यांना ऐन हळदीकुंकवात संघटनेतून हाकललं गेलेलं नाही, त्यांना असं म्हणायला काय जातं!

संघटना माझी होती. माझी म्हणजे मी जन्माला घातलेली, टोकियोच्या निशी-कसाई भागातल्या आमच्या पाचव्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात, जयंती आणि गीताच्या साक्षीनं. आम्ही सगळ्या नवऱ्यांच्या नोकऱ्यांमागून जपानला आलेल्या बायका. तिकडे कुणी शिक्षिका होती, कुणी बँकेत, मी हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करायची. इथे व्हिसाच्या अटीत बसणारं काम मिळालं ते फोनवरचं. एक कंपनी यंत्रांना शिकवायची आणि आम्ही त्या यंत्रांच्या मास्तरणी. फोटोतल्या सायकलीभोवती चौकट काढा, मराठी आवाज ऐकून शब्द टाइप करा, बोलणारी बाई चिडली आहे की नुसतीच दमली आहे ते ठरवा. घरबसल्या काम, म्हणून आधी आम्ही हुरळलो. मग कळलं, काम उचलायला उशीर झाला की फोन आपले गुण कापतो, आणि गुण कमी झाले की कामच येईनासं होतं. पोराला ताप आला तरी गुण कापले जात. तक्रार करावी तर कुणाकडे? साहेब नाही, केबिन नाही, ठोठावायला दार नाही.

माझ्या बाबांनी चिंचवडच्या एका कारखान्यात आयुष्यभर युनियनचं काम केलं. मोरेश्वर हे त्यांचं नाव काढलं की त्या भागातले म्हातारे आजही खुर्चीतून अर्धे उठतात. लहानपणी मी त्यांच्याबरोबर गेटसभेला जायची. बाबा ठराव मोठ्यानं वाचायचे, मग तोंडाशी हाताचा भोंगा करून विचारायचे, "मागच्याला ऐकू येतंय का?" कुणी "नाही" ओरडलं की ठराव पुन्हा पहिल्यापासून वाचायचे आणि पुन्हा विचारायचे. त्याशिवाय हात वर करायला सांगायचे नाहीत. लोक कंटाळायचे, मीसुद्धा कंटाळायची. "न ऐकता वर केलेला हात म्हणजे मत नव्हे, कवायत," असं ते म्हणायचे. अशा माणसाची मी मुलगी. ओढणी कमरेला बांधली आणि इमारतीतल्या बायका गोळा केल्या. संघटनेला 'सांगाती' नाव दिलं.

अंबरीष आला तो ओसाकाहून. तिथल्या विद्यापीठात तो पीएचडी करत होता, विषय डिजिटल युगातला समाजवाद. सडपातळ, केस मागे बांधलेले, माझ्याहून बराच लहान आणि बोलायला अत्यंत गोड. आमच्या टेबलाशी पोहे खाता खाता त्यानं जे सांगितलं, ते कुणालाही भुरळ घालणारं होतं.

"स्वरूपाताई, नियोजनाची अर्थव्यवस्था बुडाली ती हेतू वाईट होता म्हणून नाही. कुठल्या गावाला किती बूट हवेत, हे राजधानीत कळेपर्यंत हिवाळा संपायचा. आज फोनला ते त्या क्षणी कळतं. या मोठ्या कंपन्या दुसरं काय करतात? अख्ख्या जगाचं प्लॅनिंगच करतात, फक्त स्वतःसाठी. तेच टूल आपण आपल्या हातात घ्यायचं. मग अध्यक्ष नको, सेक्रेटरी नको, गेटसभा नको. प्रत्येक डिसिजन प्रत्येकीनं घ्यायचा, भाजी फोडणीला टाकता टाकता."

मी भारावले, खोटं कशाला बोलू. बाबांना सांगितलं तर ते माझ्याहून भारावले. अंबरीषचे व्हिडिओ नीट दिसावेत म्हणून त्यांनी कधीचं लांबवलेलं मोतीबिंदूचं ऑपरेशन उरकून घेतलं. "आमच्या वेळी हे असतं तर," असं म्हणायचे.

अंबरीषनं आम्हाला एक ॲप करून दिलं. नाव 'कौल'. ठराव आला की फोन वाजणार. पटला तर हिरवं बटण, नाही पटला तर लाल. एकदा दाबलं की बदलता येणार नाही. आणि मुदतीत जिनं काहीच दाबलं नाही, तिचं हिरवं धरायचं. हे शेवटचं मला खटकलं होतं आणि मी तसं बोललेही.

"अहो ताई, या बायकांना दहा कामं असतात," तो म्हणाला. "त्यांच्यावाचून संघटना अडून राहायला नको. जिला विरोध करायचाय, ती बोट उचलेलच की."

पुढच्याच वर्षी कंपनीनं गुण कापायचे नियम आणखी आवळले. आम्ही 'कौल'वर ठराव केला आणि काम बंद केलं. कुणी फोटोला चौकट काढायची नाही, कुणी आवाज ऐकायचा नाही. इथपर्यंत सगळं छान होतं. पण या देशात इतकी वर्षं काढल्यावर मला एक गोष्ट पक्की कळली होती. इथे मीटिंगमध्ये काहीही ठरत नाही. झाड एका जागेवरून दुसरीकडे न्यायचं असेल तर आधी मुळांभोवतीची माती हळूहळू मोकळी करतात, त्याला म्हणतात नेमावाशी. ऑफिसातही तोच शब्द. मीटिंगच्या आधी एकेकाला एकटं गाठायचं, चहा पाजायचा, त्याच्या मनात काय आहे ते काढून घ्यायचं, आपलं घालायचं. मग मीटिंगमध्ये सगळ्यांनी नुसत्या माना हलवायच्या.

आमचं काम वाटणाऱ्या कंपनीतल्या बाई होत्या ओगावा-सान. त्यांना मी स्टेशनजवळच्या कॉफीच्या दुकानात भेटले. पोरं आजारी असतील तेव्हा गुण कापू नका, एवढं केलंत तर बाकीचं मी बायकांशी बोलते, असं सांगितलं. संघटनेत मी कुणाला काही बोलले नाही, कारण नेमावाशी सांगून करत नसतात. ओगावा-साननी अर्धा तास ऐकून घेतलं, शेवटी मान जराशी हलवली आणि त्यांच्या मुलाची एक गंमत सांगितली. आम्ही दोघी हसलो. नेमका तेव्हा काचेबाहेरून कुणीतरी फोटो काढला.

त्या शनिवारी आमचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. वॉर्डाच्या समाजकेंद्रातली खोली भाड्यानं घेतलेली, सगळ्या काठपदरात, बूट बाहेर रांगेत, पर्सा कोपऱ्यातल्या टेबलावर आणि फोन पर्समध्ये. जयंती मला उखाणा घे म्हणून छळत होती. मी आढेवेढे घेत होते, बाकीच्या टाळ्या पिटत होत्या. आणि त्याच तासाभरात, टेबलावरच्या त्या पर्सांमध्ये, 'कौल'वर अंबरीषनं टाकलेला ठराव वाजत पडला होता. बंद चालू असताना कंपनीशी गुप्त बोलणी केल्याबद्दल स्वरूपा दळवी यांचं सदस्यत्व रद्द करावं. सोबत तो हसरा फोटो. मुदत एक तास.

बाहेर येऊन सायकलचं कुलूप काढताना मी फोन पाहिला. 'आपण सांगातीच्या सदस्य नाही.' माझ्या हातात वाण म्हणून मिळालेली चहाची गाळणी होती. ज्यांनी मला हाकललं त्या सगळ्या माझ्या भोवती उभ्या राहून बूट घालत होत्या, आणि त्यांतल्या एकीलाही पत्ता नव्हता.

"अगं, पण आम्ही काही दाबलंच नाही!" जयंती रडवेली होऊन म्हणाली.

"म्हणूनच," मी म्हटलं.

अंबरीषला फोन केला. त्यानं अगदी शांतपणे ऐकून घेतलं. "ताई, पर्सनली घेऊ नका. माणसं येतील, जातील. पद्धत टिकली पाहिजे." जिच्या घरचे पोहे खाल्ले तिला हे सांगताना त्याचा आवाज जरासुद्धा हलला नाही. तेव्हा डोक्यात जी तिडीक गेली, ती अजून तिथेच आहे.

महिन्याभरात कंपनीनं आजारी मुलांसाठी सवलत जाहीर केली. गाजावाजा झाला तो 'कौल'चा. अंबरीषला ठिकठिकाणची बोलावणी यायला लागली. त्यानं एक व्हिडिओ केला, नेतृत्वाचा मोह चळवळीला कसा पोखरतो यावर. त्यात माझं नाव नव्हतं. कॉफी मात्र होती.

बाबांचा फोन आला. "तो कॉफीवाला किस्सा तुझा का गं?"

"हो बाबा, पण..."

"संप चालू असताना तू मॅनेजरसमोर एकटी बसलीस?"

मी त्यांना नेमावाशी समजावून सांगितली. त्यांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, "आम्ही पाच जण जायचो. आत काय बोललो ते बाहेर येऊन गेटवर सांगायचो."

"मी विकले गेले नाही, बाबा."

"मी कुठे तसं म्हटलं?"

म्हटलं नाही, हे खरं. पण त्या दिवसापासून आमच्या फोनवर गुडघे, पाऊसपाणी आणि शेजारच्यांची लग्नं एवढंच उरलं. युनियनचा शब्द त्यांनी माझ्यापाशी पुन्हा काढला नाही. त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर मी सुखानं झोपले असते. अंबरीषचे व्हिडिओ मात्र ते न चुकता बघत राहिले. 'स्वरूपा, तुझं चुकलं नव्हतं,' एवढं एक वाक्य मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं, आणि त्यांचं वय बघता त्याला फार वेळ उरला नव्हता. ते वाक्य अंबरीषनं माझ्याकडून चोरलं. म्हणून मी ठरवलं, याला बाबांच्या डोळ्यांदेखत तोंडघशी पाडायचं.

यंदा संधी चालून आली. अंबरीष आता डॉक्टर अंबरीष झाला होता. टोकियोत एक मोठी परिषद भरणार होती, आमच्याच एदोगावा वॉर्डातल्या हॉलमध्ये. जपानी प्राध्यापक, जुन्या युनियनमधले पिकल्या केसांचे लोक, परदेशी पाहुणे, आणि सगळ्याचं थेट प्रक्षेपण. त्यात अंबरीष 'कौल'चं प्रात्यक्षिक देणार होता. हे तो प्रत्येक भाषणात करायचा. भिंतीएवढ्या पडद्यावर एक ठराव टाकायचा, सगळीकडच्या बायकांचे फोन वाजायचे, दोन मिनिटांत पट्टी हिरवीगार व्हायची आणि हॉल टाळ्यांनी दणाणायचा. ठराव असायचा गोड-गोड, अमक्या देशातल्या कामगारांना पाठिंबा वगैरे. बायका त्या वेळी पोळ्या लाटत असायच्या. पट्टी हिरवी व्हायची ती त्यांच्या लाटण्यामुळे.

ती पट्टी एकदाही लाल झाली नव्हती. मी ती लाल करणार होते. माझ्याकडे मत नव्हतं, पण सायकल होती. मी नेमावाशी करणार होते, आणि या खेपेला अंबरीषच्या मुळांभोवतीची.

पहिली गाठली गीताला. तिच्या मनात काय आहे ते मला माहीत होतं. बायका 'सांगाती'च्या ग्रुपवर जे बोलतात ते संशोधनाला वापरू द्यावं, असा ठराव मागे कधीतरी हिरवा झाला होता. कुणी वाचलाच नव्हता. मग गीतानं सासूबद्दल ग्रुपवर जे ओकलं होतं, ते 'घरातल्या अदृश्य श्रमाचं उदाहरण' म्हणून अंबरीषच्या भाषणात आलं. सासूनं ते पुण्यात बसून ऐकलं आणि ओळखलं.

"ताई, सहा महिने माझ्याशी बोलत नव्हत्या," गीता दात-ओठ खात म्हणाली. "काय करायचं सांगा."

"त्या दिवशी दुपारी फोन जवळ ठेवायचा. वाजला की लाल दाबायचं."

"ठराव काय असेल?"

"काही का असेना. येईल त्या ठरावाला लाल."

मग वैभवी. तिच्या संमतीशिवाय 'कौल'वर तिच्या रविवारच्या पाळ्या मंजूर झाल्या होत्या. 'सांगाती' एव्हाना ओसाकातही पोचली होती; तिथल्या कश्मिराला फोन केला, तर ती माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तयार, आणि तिकडच्या बायका ती बघते म्हणाली. मी निशी-कसाई पालथं घातलं, नदीपलीकडे गेले, घराघरांत चहा प्यायले. बघता बघता माझ्या लक्षात आलं की मला हे जमतं. अंबरीषला ॲप करूनही जे जमलं नव्हतं ते मला चहावर जमत होतं. बायका मला दारापर्यंत सोडायला यायच्या, कुजबुजत 'लाल' म्हणायच्या आणि फिसकन हसायच्या. कितीतरी वर्षांत इतकी मजा आली नव्हती. सूड इतका तब्येतीला मानवतो हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

जयंती तेवढी जरा घाबरट. तिला मी आमच्या टेबलाशी बसवून सराव करून घेतला.

"पण वाचायला तरी वेळ मिळेल ना?" तिनं विचारलं.

"वाचायचं नाहीच. वाचत बसलीस की तुला दया येईल. जग, शांती, असलं काहीतरी लिहिलेलं असणार. दोन मिनिटं असतात. फोन वाजला की अंगठा लालवर. एकदा दाबलं की सुटलीस."

नवरा, नरेंद्र, सोफ्यावरून ऐकत होता. "स्वरूपा, ठराव काय आहे ते बघू तरी दे ना त्यांना."

"मला काढलं तेव्हा कुणी बघितलं होतं?"

"म्हणूनच म्हणतोय," तो म्हणाला. मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो टीव्हीकडे वळला.

परिषदेच्या आदल्या दिवशी अंबरीषनं नरेंद्रला फोन केला. माझ्या फोनवर मी त्याला केव्हाच ब्लॉक केलं होतं. "ताईंना उद्या नक्की घेऊन या, प्लीज. सगळ्यांसमोर मला काही बोलायचंय," एवढाच निरोप. मी हसले. म्हटलं, याला आता प्रेक्षकांत जुना बळीसुद्धा हवा. जाईन ना, पुढे बसेन. मग बाबांना फोन केला. "उद्या अंबरीषचं लाइव्ह आहे, बघताय ना?"

"सकाळी आंघोळ करून बसणार आहे," बाबा म्हणाले. आमची दुपार म्हणजे त्यांची सकाळ.

"अगदी शेवटपर्यंत बघा," मी म्हटलं.

हॉल भरलेला होता. मी तिसऱ्या रांगेत नरेंद्रशेजारी. जयंती, गीता आणि आणखी काही जणी माझ्या मागच्या रांगांत, फोन मांडीवर घेऊन, परीक्षेला बसल्यासारख्या. बाकीच्या घरोघरी तयार. अंबरीष स्टेजवर आला. केस कापले होते, कोट घातला होता. बूट, हिवाळा, राजधानी, सगळं आलं. मग तो थांबला.

"आज मी नेहमीचा ठराव टाकणार नाहीये," तो म्हणाला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. "माझ्या अभ्यासासाठी या वर्षी मी कंपनीच्या एका जुन्या अधिकाऱ्यांना भेटलो. त्यांच्याकडून मला कळलं की आजारी मुलांची सवलत आमच्या बंदमुळे मिळाली नव्हती. आमच्याच एका सहकारी बाई एकट्या जाऊन ती मागून आल्या होत्या. आणि त्याच भेटीसाठी मी त्यांना संघटनेतून काढलं. त्यांची बाजू न ऐकता, एका तासात. आम्ही म्हणतो की 'कौल' चुका दुरुस्त करू शकतो. मग सुरुवात माझ्या चुकीपासून व्हायला हवी."



पडद्यावर ठराव उमटला, मराठीत आणि जपानीत. 'स्वरूपा दळवी यांना काढण्याचा निर्णय चुकीचा होता. संघटना त्यांची जाहीर माफी मागते आणि त्यांना सन्मानानं परत घेते.' माझं नाव माझ्याहून उंच. मागच्या रांगांत फोन एकदम वाजले.

मी गर्रकन वळले. "थांबा!" म्हणाले, पण वाजणाऱ्या फोनांत ते कुणालाच ऐकू गेलं नाही. आणि थांबणार कोण? माना खाली, अंगठे पडलेले. जयंतीनं तर वर बघून मला अंगठा दाखवला. तिचा चेहरा पहिला नंबर आलेल्या मुलीसारखा फुलला होता.

पट्टी लाल व्हायला लागली. आधी एक रेघ, मग भराभर. निशी-कसाई लाल, नदीपलीकडचं सगळं लाल, ओसाका तर एका दमात लाल. कश्मिरानं शब्द पाळला होता. दोन मिनिटं पुरी व्हायच्या कितीतरी आधी पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल होऊन थांबली. पुढच्या रांगेतले पिकल्या केसांचे जपानी आजोबा वळून माझ्याकडे बघायला लागले. त्या बघण्यात काय होतं ते मला कळत होतं. हिनं केलंय तरी काय, असं होतं.

अंबरीषचा चेहरा कागदासारखा झाला होता. तोंडघशी तो पडला होता, अगदी मला हवा होता तसा, भिंतीएवढ्या पडद्यासमोर. त्यानं माइक धरला, सोडला, पुन्हा धरला. "लोकांनी... निर्णय दिलाय," तो म्हणाला. "मला तो मानावा लागेल. ताई, सॉरी." कॅमेरा माझ्यावर आला. एक मुलगी लगबगीनं माइक घेऊन माझ्याकडे आली. मी मानेनंच नाही म्हटलं आणि खाली बघत बसले. नरेंद्रनं माझ्या हातावर हात ठेवला.

मध्यंतरात जयंतीनं मला कॉरिडॉरमध्ये गाठलं. "काय, जमलं की नाही? ठराव दिसायच्या आत दाबलं मी!"

"तू वाचलास?"

"तूच म्हणालीस ना, वाचू नका." मग तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, फोन काढला आणि वाचला. वाचताना तिचे ओठ हलत होते. गीता मागून आली, तिनं जयंतीच्या खांद्यावरून वाचला. एकेक करून सगळ्यांनी आपापले फोन काढले आणि वाचलं. जयंतीनं हाताची मूठ तोंडावर दाबून धरली होती.

"पुन्हा टाकायला लावू की," शेवटी गीता म्हणाली. "पुन्हा मत घेऊ."

"त्याचा नियम आहे," मी म्हटलं. "पडलेला ठराव पुन्हा टाकता येत नाही."

खरं सांगू? त्या क्षणी मला सगळ्यात जास्त राग आला तो त्याच्या माफीचा. मनातून चांगला व्हायचं होतं तर आधी व्हायचं होतं. निदान मी सायकल काढायच्या आधी तरी.

तेवढ्यात फोन वाजला. बाबा. मी जिन्याच्या दारापलीकडे गेले. बायका काचेआड उभ्या राहिल्या.

"स्वरूपा, बघितलं मी," बाबा म्हणाले. "अगदी शेवटपर्यंत."

"हो, बाबा."

"पोरानं मन मोठं केलं. एवढ्या लोकांसमोर चुकलो म्हणाला. तो बोलत होता तेव्हा, काय सांगू तुला, मी उठून उभा राहिलो गं. शेजाऱ्यांना हाक मारली, म्हटलं, या, बघा, माझी मुलगी." ते थांबले. त्यांचा श्वास ऐकू येत होता. "आणि मग तुझ्याच बायकांनी तुला नको म्हटलं. एकजात. अशी एकी मी आमच्या गेटवर कधी बघितली नाही. घरोघरच्या बायका, एकमेकींना न विचारता. उगाच कुणी असं करत नाही."

"बाबा..."

"मला आता खरं सांग, पोरी. रागावणार नाही. तू नक्की काय केलं होतंस?"

सांगायला एकच वाक्य होतं. बाबा, मीच त्यांना शिकवलं, न वाचता दाबा म्हणून. घरोघरी फिरून, चहा पिऊन, हसत हसत शिकवलं. ते वाक्य जिभेवर आलं होतं. पण ऐकणारा माणूस तो होता जो उन्हात उभा राहून ठराव दोनदा वाचायचा. कंपनीला फितूर झालेली म्हणूनही त्यांनी मला एक वेळ पदरात घेतलं असतं. हे कळल्यावर घेतील का, ते मला माहीत नव्हतं.

काचेपलीकडे जयंती डोळे पुसत होती. जिन्यात माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

"ऐकू येतंय का?" बाबांनी विचारलं. थोडं थांबून, मोठ्यानं, त्यांनी पुन्हा विचारलं, "स्वरूपा, ऐकू येतंय का?"

मला अगदी स्वच्छ ऐकू येत होतं. मी काही बोलले नाही.

"बरं," बाबा म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला.